वाळवंटी पॅव्हेलियन, जैसलमेर आणि आपलं धाबं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वर्ल्ड एक्स्पो म्हणजे जागतिक प्रदर्शनातल्या देशोदेशीच्या पॅव्हेलियनवर (प्रत्येक देशाच्या दालनावर) लिहिलं होतं, त्यातही अरबस्तानातल्या वाळवंटी धाटणीच्या इमारतींवर जास्त. त्यावर धुळे-जळगाव-नंदुरबारकडून बरीच पत्रं आली. सगळ्यांना जागा देता येत नाही, ज्यांचा उपयोग चार जणांना होईल असे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी धुळ्याला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला प्रोजेक्ट दिलाय, रियाधला 2030 मध्ये वर्ल्ड एक्स्पो आहे, तिथलं भारताचं राष्ट्रीय पॅव्हेलियन, वाळवंटातल्या वास्तुकलेवरून आणि सस्टेनेबल पाहिजे. मी वाळूच्या टेकडीसारखं वळणदार छत काढलं आणि खाली दीड फूट जाड मातीच्या भिंती दिल्या. ज्युरीत म्हणाले कन्सेप्ट वीक आहे, जैसलमेर बघ. आता जैसलमेरला जायला ना पैसे आहेत ना वेळ, सबमिशन डोक्यावर आहे. नेमकं वीक काय आहे तेच कळेना.
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : आधी टेकडीचं बोलू. वाळूच्या टेकडीचा आकार घेऊन रियाधला जाणं म्हणजे रावेरला केळी पाठवण्यातला प्रकार झाला रे. शिवाय ती टेकडी होऊन गेलीय, 2010 ला शांघायच्या एक्स्पोत अमिरातीचं पॅव्हेलियन टेकडीच्याच आकाराचं होतं, स्टेनलेस स्टीलनं मढवलेलं, आणि 2015 ला मिलानमध्ये परत त्यांचंच, 12 मीटर उंच लाटांसारख्या भिंती आणि मधून अरुंद गल्ली. दोन्ही फॉस्टर अँड पार्टनर्स या आर्किटेक्ट फर्मनं केलेली. मिलानच्या भिंती दिसायला वाळूच्या पण प्रत्यक्षात काचतंतू घातलेल्या काँक्रीटच्या. मला विचारशील तर त्या इमारतीतली घेण्यासारखी गोष्ट ती लाट नाही, ती गल्ली आहे. वाळवंटात माणूस टेकडीवर राहतच नाही ना, तो गल्लीत राहतो, चौकात राहतो, जाड भिंतीच्या आड राहतो. टेकडी हा फोटो झाला.

आता जैसलमेर का बघ म्हणाले असतील. पिवळा दगड आणि जाळ्या यासाठी म्हणाले असतील तर ते पण फोटोच सांगतायत. जैसलमेरमध्ये तीन गोष्टी बघायच्या आणि त्या इथं बसून पण कळतात. एक, गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूच्या घरांच्या सावल्या रस्त्यावरच पडतात आणि वरून झरोके (भिंतीबाहेर काढलेल्या खिडक्या) पुढे आलेले म्हणून खालची भिंत पण सावलीत. दोन, छत. तिथल्या जुन्या घरांना लाकडी तुळया, त्यावर गवताचा किंवा वेताचा थर आणि त्यावर मातीचा जाड थर. ओळखीचं वाटतंय का? हे आपलं धाबंच आहे की! शिरपूर-शिंदखेड्याकडच्या खेड्यात एखादं जुनं धाब्याचं घर अजून उभं असेल, मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्यात जाऊन बस आणि मग शेजारच्या पत्र्याच्या घरात जाऊन बस, थर्मामीटर घेऊन जा, दोन्हीकडचे आकडे शीटवर लाव. जैसलमेरच्या गुगलवरच्या फोटोपेक्षा ज्युरीला ते जास्त पटेल, कारण ते तू स्वतः मोजलेलं असेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची आणि तीच कोणी सांगत नाही. जैसलमेरच्या बऱ्याच हवेल्यांमध्ये दगड चुन्या-मातीत चिकटवलेले नाहीत, खाचा पाडून आणि लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत अडकवलेत. म्हणजे काय, तर जोडलेलं सोडवता येतं. तुझं पॅव्हेलियन सहा महिने उभं राहणार आहे, 1 ऑक्टोबर 2030 ते 31 मार्च 2031, मग सहा महिन्यांच्या इमारतीत सस्टेनेबल म्हणजे पहिला प्रश्न हाच की 1 एप्रिलला त्याचं काय होणार. तू दीड फुटी मातीच्या भिंती काढल्यास, त्याचं वजन कधी काढलंस? 45 सेंटीमीटर जाडीची ठोकलेली माती म्हणजे भिंतीच्या एका चौरस मीटरला जवळपास 900 किलो. भिंत 6 मीटर उंच धरली तर लांबीच्या प्रत्येक मीटरला साडेपाच टनाच्या आसपास. त्याला पाया लागणार, पायाला काँक्रीट लागणार आणि सहा महिन्यांनी सगळं उकरायचं. गावातल्या घरात ती भिंत शंभर वर्षं काम करते म्हणून तिचा खर्च वसूल होतो, इथं तसं नाही.

आणि जाड भिंतीचं अजून एक आहे. दीड फुटी मातीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला साधारण दहा-बारा तास लागतात. गावात ते छान, दुपारचं ऊन आत येईस्तोवर रात्र होते आणि माणसं ओट्यावर नाहीतर गच्चीवर झोपायला गेलेली असतात. पॅव्हेलियनमध्ये गर्दी कधी असते? संध्याकाळी. म्हणजे भिंत तापलेली आणि आत माणसं कोंबलेली. उभं असलेलं माणूस शंभरेक वॅट उष्णता सोडतं, आत 400 जण असले तर 40 किलोवॅट झाले, त्याला निव्वळ माणसांपायी 11 टनांच्या वर एसी लागेल, लाइट-स्क्रीन वेगळे. त्यामुळे माती ठेवायची असेल तर थोडी ठेव, मधल्या एखाद्या खोलीला, बाकी हलकं आणि उघडं, आणि रात्री गेट बंद झाल्यावर सगळे झरोके उघडून थंड हवा फिरवून भिंत गार करून ठेवायची, हे वेळापत्रकच ड्रॉइंगवर दाखव. रियाधला जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली पण जातो, ती थंडी फुकट मिळतेय.

रांगेचं मात्र कोणीच डिझाइन करत नाही आणि खरं पॅव्हेलियन तेच असतं. माणूस आत पंधरा मिनिटं असतो, बाहेर रांगेत तासभर. तुझी सगळी वाळवंटी अक्कल त्या रांगेवर खर्च कर. रांग म्हणजेच गल्ली समज. समजा गल्ली पूर्व-पश्चिम आणि 3 मीटर रुंद, दक्षिणेची भिंत 6 मीटर. रियाध साधारण 24.7 अक्षांशावर, डिसेंबरात दुपारी सूर्य 42 अंशांवर असतो म्हणजे सावली साडेसहा मीटरच्या पुढे जाते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य 62 अंशांवर म्हणजे सावली 3 मीटरच्या थोडी वर, दोन्ही वेळेला गल्ली झाकली जाते. पण थांब, डिसेंबर-जानेवारीत तिथं दिवसा पण विशीच्या आसपासच असतं, तेव्हा माणसाला ऊन हवं असतं! ऑक्टोबरात सावली पाहिजे, जानेवारीत ऊन. म्हणून सगळी सावली भिंतीची नको, दक्षिणेची भिंत बुटकी कर आणि वर कापड घाल, सरकवता येणारं, आपल्याकडे बाजारपेठेत उन्हाळ्यात दुकानदार समोरासमोर ताडपत्र्या बांधतात ना तसंच, फक्त दोरी ओढली की गुंडाळलं जाईल असं. आणि मार्चकडे तिकडे धुळीची वादळं असतात, म्हणजे ते कापड पटकन उतरवता यायला पाहिजे, नाहीतर शीड होऊन इमारतच घेऊन जाईल.

एक शेवटचं. रियाधच्या बाजूलाच दिरियाचं तुरैफ आहे, कच्च्या विटांचं जुनं शहर, 2010 पासून जागतिक वारशात. तिथल्या भिंतींना छोटे तिकोनी झरोके. भारतातून जाताना यजमानाच्या घरचंच त्याला परत दाखवू नको, तिकोनी झरोके कॉपी करू नको, आपल्याकडची सोडवता येणारी दगडाची जोडणी ने. कन्सेप्ट तिथंच आहे, वळणदार छत खोडून टाक.

प्रश्न : ताई राम राम. मी अमळनेरकडचा गवंडी शे. मना बाप धाबं करे, मी स्लॅब करस. व्हिडिओत बघितलं की दुबईच्या प्रदर्शनात एवढी मोठी बिल्डिंग नुसत्या मातीची केली होती. खरंच माती होती की कलर? आणि आपल्या मातीची तशी भिंत होईल का, एक जण फार्महाऊससाठी मागे लागलाय.
– एक गवंडी, अमळनेर तालुका

उत्तर : राम राम दादा. खरीच माती होती. तुम्ही बघितलं ते मोरोक्कोचं पॅव्हेलियन असणार, एक्स्पो 2020, जो कोरोनामुळे 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तीस मीटरच्या वर उंच आणि बाहेरचं अंग ठोकलेल्या मातीचं. नुसत्या मातीवर एवढी उंची उभी नाही, आत नेहमीचा सांगाडा आहे. ज्या आर्किटेक्टांनी ते केलं त्यांनीच 2015 ला मिलानला पण मोरोक्कोचं पॅव्हेलियन मातीचंच केलं होतं. आणि दुबईचं नंतर पाडायचं नाही, राहायच्या घरांत बदलायचं असं आधीच ठरवून बांधलेलं.

आता आपल्या मातीचं. शेतातली काळी माती अजिबात नको, ती पाण्यानं फुगते आणि सुकली की फाटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचे वडील धाब्यावर पांढरी माती टाकायचे ती पाणी अडवायला उत्तम पण एकटी भिंतीला चालणार नाही. धुमसानं ठोकायच्या भिंतीला चिकण माती कमी लागते, दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान, बाकी वाळू, बारीक खडी, मुरूम. बाटलीत माती-पाणी घालून खळखळ हलवून एक रात्र ठेवा, खाली वाळू बसेल, वर गाळ, त्याच्यावर चिकण, थर बघून अंदाज येतो. पाणी किती घालायचं त्याला सोपी परीक्षा आहे, मूठभर मातीचा लाडू वळायचा आणि खांद्याच्या उंचीवरून टाकायचा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर पाणी कमी, पचकन बसला तर जास्त. फळ्यांच्या साच्यात दहा-पंधरा सेंटीमीटरचा सैल थर टाकायचा, ठोकायचा, आवाज टणक येईस्तोवर.

पावसात टिकायला बरेच जण पाच ते दहा टक्के सिमेंट घालतात. फार्महाऊसला घाला हवं तर, आपल्याकडे पाऊस तिरपा येतो. पण एक समजून घ्या, सिमेंट घातलं की ती माती परत शेताची होत नाही. बिनसिमेंटची भिंत पाडून, भिजवून परत तीच माती वापरता येते. मग पावसासाठी दुसरा जुना इलाज, खाली दगडाचं जोतं दोन-अडीच फूट आणि वर छताला भरपूर पुढे काढलेली वळचण. मला विचाराल तर सिमेंटपेक्षा हेच करा. सिमेंटला पर्याय शोधणारे पण आहेत, 2021 ला व्हेनिसच्या प्रदर्शनात अमिरातीच्या दालनानं समुद्राचं पाणी गोडं केल्यावर जे खारट पाणी उरतं त्याच्यापासून सिमेंटसारखा पदार्थ करून दाखवला, त्याला तिथलं सुवर्णसिंहाचं बक्षीस मिळालं. आपल्या दुकानात मात्र तो मागू नका, मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या भुसावळच्या उन्हाळ्याचं तर सगळ्यांना माहितीच आहे. इराणात, दुबईत घरावर वारा खेचणारे मनोरे असतात म्हणे, मग प्रदर्शनात पण तेच लावतात का, आणि आम्ही कूलर विकून टाकून मनोरा बांधला तर?
– एक गृहिणी, भुसावळ

उत्तर : कूलर विकू नका हो! कूलर म्हणजे तोच मनोरा समजा, फक्त पंखा लावलेला. इराणच्या यझ्दला दौलताबाद बागेतला मनोरा तीस मीटरच्या वर उंच आहे, वरचा वारा पकडून खाली हौदाच्या पाण्यावरून नेतात, पाणी उडतं आणि हवा गार होते. अबू धाबीजवळच्या मसदर शहरात 45 मीटरचा नवा मनोरा पण आहे. तुमच्याकडे मे महिन्यात हवा 43-44 अंश आणि अगदी कोरडी असते म्हणून वाळ्याची नाहीतर लाकडाच्या भुशाची ताटी ओली केली की पंधराएक अंश खाली येतात. तोच कूलर ऑगस्टमध्ये लावा, नुसता चिकचिकाट.

प्रदर्शनवाले इथंच फसतात. 2025 चा एक्स्पो जपानात ओसाकाला झाला, एप्रिल ते ऑक्टोबर, समुद्रातल्या बेटावर, म्हणजे दमट उन्हाळा. तिथं पाण्याचा मनोरा काय करणार? सौदीनं तिथं जे केलं ते मला पटलं, अरुंद वाकड्या गल्ल्या आणि मधे चौक असं गाव केलं पण गल्ल्यांची तोंडं अशी ठेवली की उन्हाळ्यातला वारा आत यावा. गारवा वाऱ्याचा, पाण्याचा नाही. आणि कोरड्या रियाधला पाणी वापरायचं म्हटलं तर एक लिटर पाणी उडालं की साधारण पाऊण युनिटला जरा कमी एवढी उष्णता शोषली जाते, ऐकायला स्वस्त, पण ते पाणी समुद्राचं गोडं करून शेकडो किलोमीटर पाइपानं वर चढवलेलं असतं. म्हणजे वीज दुसऱ्याच्या मीटरवर. आपण बोअरच्या पाण्यावर कूलर चालवतो तेव्हा पण हाच हिशोब आहे तसा, असो.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त शिक्षक. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सहा महिन्यांसाठी कोट्यवधी घालून इमारत बांधायची आणि तिला पर्यावरणपूरक म्हणायचं, ही शुद्ध दिशाभूल नाही का? वाळवंटातले लोक पाण्याचा थेंब जपायचे, हे लोक त्यांच्या नावानं उधळपट्टी करतात.
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : राग कसला सर, निम्मं तुमचं बरोबरच आहे. बांधून पाडायची असेल तर छतावर कितीही सोलर लावा, दिशाभूलच. पण सगळेच तसे नाहीत. अगदी पहिलं मोठं प्रदर्शन, लंडनचं 1851 चं, त्याचा काचेचा राजवाडा सुटे भाग जोडून केलेला म्हणून तो उचलून सिडनहॅमला नेला आणि 1854 ला परत उघडला, 1936 ला जळेपर्यंत तो उभा होता. वर ज्या शांघायच्या टेकडीला मी नावं ठेवली ती पण सोडवून अबू धाबीच्या सादियात बेटावर परत उभी केलीय आणि तिथं प्रदर्शनं भरतात, एवढं श्रेय तिला द्यायला पाहिजे. दुबईला नेदरलँड्सनी तर बांधकामात वापरतात त्या लोखंडी पत्र्यांच्या भिंती आणि पाइप उसने आणले, सहा महिने वापरले, परत देऊन टाकायच्या बोलीवर. आपल्याकडे लग्नाचा मांडववाला हेच करतो, त्याला कोणी सर्टिफिकेट देत नाही एवढंच.

आणि उलटं पण बघा. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स 1972 ला प्रदर्शनासाठीच बांधलं, राज रेवाल आर्किटेक्ट आणि महेंद्र राज इंजिनियर, काँक्रीटचा तिकोनी जाळीचा सांगाडा, ती जाळीच इतकी खोल की ऊन अडवायचं काम तीच करायची, आपल्या जुन्या जाळ्यांसारखी. ती टिकणारी इमारत होती, कायम वापरात होती, आणि 2017 च्या एप्रिलमध्ये पाडली. म्हणजे सहा महिन्यांची इमारत ऐंशी वर्षं टिकू शकते आणि कायमची इमारत एका रात्रीत जाऊ शकते. त्यामुळे माझा आग्रह एवढाच, राष्ट्रीय पॅव्हेलियनचं टेंडर काढतानाच नंतर ते कुठं जाणार त्या जागेचं नाव लिहून द्यायचं. जागा ठरत नसेल तर बांधू नये, भाड्याच्या हॉलमध्ये चांगलं प्रदर्शन मांडावं.

पाण्याच्या थेंबाचं म्हणालात तर त्यासाठी अरबस्तान कशाला, आपल्या खान्देशची जुनी राजधानी बऱ्हाणपूर रावेरपासून किती लांब आहे? तिथलं कुंडी भंडारा 1615 चं, इराणी पद्धतीनं जमिनीखालून बोगदा काढून डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारानं शहरात आणलेलं, वरून ओळीनं कुंड्या. धुळे जिल्ह्यात पांझरेवरचे फड बंधारे आहेत, पाण्याची पाळी गावानं ठरवायची. रियाधला भारतानं काही न्यायचंच असेल तर हे न्यावं असं मला फार वाटतं, आणि त्याला मोठी इमारत पण लागत नाही.

प्रश्न : ओसाकाला अमिरातीनं खजुराच्या झावळ्यांचे खांब केले होते असं तुम्ही लिहिलं होतं. आमच्याकडे केळीची खोडं ढिगानं पडलेली असतात, घड कापला की खोड बांधावर. त्याचे खांब होतील का?
– केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : खांब नाही होणार भाऊ. खजुराच्या झावळीचा मधला दांडा लाकडासारखा कडक असतो, अरब लोक पूर्वीपासून त्याच्या झोपड्या बांधायचे आणि ओसाकाला शेतातल्या तशाच टाकाऊ दांड्या वापरून उंच खांब उभे केले. केळीचं खोड म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, वाळलं की हातात सालपटं. त्याचा धागा मात्र चांगला निघतो, त्याचे दोर, चटया, सावलीचे पडदे होतात, वर धुळ्याच्या मुलाला जे सरकतं कापड सांगितलं ते केळीच्या धाग्याचं विणलं तर मला बघायला आवडेल, फक्त ऊन-पावसात ते किती दिवस टिकतं ते आधी अंगणात टांगून बघावं लागेल.

भिंतीसाठी मात्र तुमच्या शेजाऱ्याच्या कपाशीकडे बघा. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, कूड आपल्याकडे पूर्वी सगळीकडे होते, पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या आणि शेण-मातीनं लिंपायच्या, हलक्या, सोडवता येणाऱ्या, आणि मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेनं पऱ्हाट्यांपासून प्लायवूडसारखे दाबलेले बोर्ड करण्याची पद्धत पण बसवलीय. जाळून टाकण्यापेक्षा त्याची आतली पार्टिशनं होतात. केळीची खोडं धागा काढणारं जवळ कोणी असेल तर त्याला द्या, नसेल तर बारीक करून शेतातच कुजवा, जमिनीला पोटॅश मिळतं, ते पण कमी नाही.